खेळत्या मुलांचा खाऊ

मूल खेळूं लागलें कीं त्याची भूक वाढते, हें कोणाही आईला सांगावें लागत नाहीं. परंतु ती भूक कशानें भागवावी, केव्हां भागवावी आणि घरच्या पंक्तींत कोणाच्या वाट्याला काय यावें, ह्या तीन प्रश्नांचा शांतपणें विचार फारच थोड्या घरांत होतो. सध्यां पहाटे पोहण्याच्या तलावावर, संध्याकाळीं खो-खोच्या मैदानावर किंवा क्रिकेटच्या शिकवणीला जाणारीं मुलें बहुतेक प्रत्येक एकत्र कुटुंबांत दोन-तीन तरी असतात. त्यांच्या फीची, बुटांची व जाण्यायेण्याची व्यवस्था वडीलमंडळी हौसेनें करितात. खाण्याची व्यवस्था मात्र दुकानांतील रंगीत डब्यावर सोपवून मोकळी होतात. ह्या महिन्यांत त्या डब्याला पर्याय सुचवावा, असा आमचा विचार आहे. आणि त्यासाठीं वाचकांना थोडें दूर, नंदुरबार जिल्ह्यांतील मोलगीपर्यंत नेणार आहों.

खेळाडूच्या आहाराची चिंता आपल्याकडे नवी नाहीं. तालमींत जाणाऱ्या पोराला ‘खुराक’ पाहिजे, हें आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलें ठाऊक होतें. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेव्हां व्यायामाबरोबर साध्या आहाराचाही त्यांनीं पुरस्कार केला. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं आपले देशी खेळ जगाला दाखविले. त्या पिढीजवळ पौष्टिक चूर्णांचे डबे नव्हते; दूध, दाणे, गूळ, डाळ आणि भाकरी एवढेंच होतें. अर्थात् जुनें तें सगळें सोनें, असें आमचें म्हणणें नाहीं. खुराकाच्या नांवाखालीं तूप-बदामांचा अतिरेक होई, आणि तोही घरांतील एकट्या मुलाच्याच वाट्याला. पण खाऊ घरीं करण्याची जी संवय होती, ती मात्र आपण विनाकारण टाकिली.

आतां मोलगीकडे वळूं. नंदुरबार जिल्हा १९९८ च्या १ जुलैला धुळ्यापासून वेगळा झाला. त्यांतील अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत मोलगी हें बाजाराचें गांव आहे. भोंवतालच्या पाड्यांवर भिल्ल व पावरा लोकांची वस्ती. उतारावरच्या जमिनींत, पावसाच्या पाण्यावर येथें ज्वारी, नागली आणि मोर, बर्टी, भादी ह्यांसारखीं बारीक धान्यें पिकत आलीं आहेत. उन्हाळ्यांत कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करितात. मोहाचीं फुलें वेंचून सांठवितात. मोलगीच्या बाजारांतून भगर आणि आमचूर दूरदूर जातात. आपण एकादशीला वऱ्याचे तांदूळ शिजवितों, ते कोठून येतात हें कितीजणींनीं दुकानदाराला विचारिलें असेल? जें धान्य आपल्या घरांत पंधरा दिवसांतून एकदां, तेंही पुण्य म्हणून खाल्लें जातें, तें सातपुड्यांतील कुटुंबांचें रोजचें अन्न आहे. त्याच अन्नावर तेथील मुलें चढउताराच्या वाटांनीं शाळेला जातात, आणि त्यांच्यांतूनच धांवपटूही निघतात. लांब पल्ल्याचा धांवपटू किसन तडवी हा नंदुरबार जिल्ह्याचाच. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत १० हजार मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें आणि त्याच वर्षीं आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक. तोही नागली-वरईचाच डोंगराळ मुलूख आहे.

येथें वाचकांनीं घाईनें एक निष्कर्ष काढूं नये. नागली खाल्ली कीं पदक मिळतें, असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्या नंदुरबार जिल्ह्यांत हीं उत्तम धान्यें पिकतात, त्याच जिल्ह्याचें नांव कुपोषणाच्या बाबतींत वारंवार घ्यावें लागतें, ही गोष्ट लपवून कोणाचेंच हित नाहीं. धान्य चांगलें असून भागत नाहीं. तें पोटभर मिळावें लागतें, त्याच्या जोडीला डाळ, दाणे, दूध, भाजीपाला लागतो, आणि तें मूल लहान असल्यापासून व त्याच्या आईलाही मिळावें लागतें. मोलगीपासून आपण दोन धडे घ्यावे. पहिला असा कीं, साध्या धान्यांत मोठें सामर्थ्य आहे. दुसरा असा कीं, तें वेळेवर व पुरेसें मिळालें नाहीं तर त्या सामर्थ्याचा कांहीं उपयोग नाहीं. दुसरा धडा आपल्या सुखवस्तु घरांनाही लागू आहे, तो कसा हें पुढें येईलच.

वाढत्या खेळाडूच्या शरीराला काय लागतें, तें आधीं थोडक्यांत पाहूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणें १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिनें लागतात. चुना, म्हणजे कॅल्शियम, दोघांनाही १००० मिलिग्रॅम. आणि लोह मुलाला २२ मिलिग्रॅम, तर मुलीला ३० मिलिग्रॅम. मुलीची लोहाची गरज मुलापेक्षां अधिक आहे, हा आंकडा स्वयंपाकघरांत ठळक अक्षरांत लावून ठेवण्यासारखा आहे. खेळामुळें ह्या गरजेंत भर पडते, आणि सर्वांत अधिक भर पडते ती उष्मांकांच्या गरजेंत. म्हणजे खेळणाऱ्या मुलाला प्रथम पुरेसें अन्न पाहिजे. विशेष अन्नाचा विचार त्यानंतरचा. डब्यांतील चूर्णाचा मोठा दोष हाच आहे कीं, तें दिल्यावर आईला वाटतें, आपण सर्व कांहीं केलें. आणि मूल मात्र सकाळीं तें पेलाभर पिऊन उपाशीच मैदानावर जातें.

नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेवढ्याच गव्हांत सुमारें ४०, आणि तांदुळांत तर १० सुद्धां नाहीं. शिवाय नागलीचा कोंडा काढीत नाहींत, ती सगळीच्या सगळी दळली जाते. तिळांत १०० ग्रॅमला हजारावर मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि शेंगदाण्यांत शेंकडा २४ च्या आसपास प्रथिनें. हे तीन जिन्नस एकत्र आणणारा लाडू आम्ही प्रथम देतों.

नागलीचे लाडू. नागली स्वच्छ धुऊन १२ तास भिजत घालावी. पाणी काढून ओल्या फडक्यांत घट्ट बांधून ठेवावी व मधून मधून पाणी शिंपडावें. दिवसा-दीड दिवसांत बारीक मोड येतात. ती सावलींत खडखडीत वाळवावी, मंद आंचेवर जरा परतून दळून आणावी. मोड आणल्यानें नागलींतील लोह व चुना शरीराला अधिक सहज मिळतात आणि पीठ पचावयास हलकें होतें. २०० मिलिलिटरची वाटी धरल्यास हें पीठ २ वाट्या, भाजलेल्या दाण्यांचें कूट १ वाटी, भाजून भरड कुटलेले तीळ अर्धी वाटी, चिरलेला गूळ सव्वा वाटी आणि तूप अर्धी वाटी घ्यावें. तुपांत पीठ मंद आंचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावें. पातेलें खालीं उतरवून पीठ कोमट असतांनाच गूळ, कूट, तीळ व वेलदोड्याची पूड घालून खूप मळावें, आणि लिंबाएवढे लाडू वळावे. ह्या प्रमाणांत सुमारे २२ लाडू होतात. दोन लाडवांत दीडशे मिलिग्रॅमच्या घरांत कॅल्शियम आणि पांच-साडेपांच ग्रॅम प्रथिनें पडतात, असा आमचा हिशेब आहे. म्हणजे दोन लाडवांनीं दिवसाची कॅल्शियमची गरज भागत नाहीं. तिचा सातवा भाग भागतो. दूध, दही, पालेभाजी हीं लागतातच. दाणे निवडतांना खवट, काळसर किंवा बुरशी धरलेला दाणा निष्ठुरपणें टाकून द्यावा. असा दाणा विषारी ठरूं शकतो. ज्या मुलाला दाणे सोसत नाहींत, त्याच्यासाठीं कुटाऐवजीं फुटाण्याच्या डाळीचें पीठ घ्यावें.

भगरीचीं धिरडीं. भगर १ वाटी आणि सालाची मूगडाळ अर्धी वाटी निवडून, धुऊन ४ तास भिजवावी. आलें, जिरें, मीठ व अर्धा लहान चमचा आमचूर घालून बारीक वाटावें. तव्यावर थोड्या तेलावर पातळ धिरडीं घालावीं. धान्याला डाळीची जोड दिली कीं एकाच्या प्रथिनांतील उणीव दुसरें भरून काढतें. आपली वरणभाताची जोडी हेंच करीत आली आहे. हीं धिरडीं डब्यांत मऊ राहतात आणि दह्याबरोबर किंवा दाण्याच्या चटणीबरोबर मुलें आवडीनें खातात. भगर शक्य तर कमी पांढरी केलेली घ्यावी. तिचा रंग मळकट दिसतो, पण कोंड्याचा सत्त्वांश तिच्यांत टिकून असतो. मात्र अशी भगर लवकर खवट होते, म्हणून एका महिन्याला पुरेल एवढीच आणावी.

आमचुराचें पन्हें. १ लिटर पाण्यांत ६० ग्रॅम गूळ विरघळवावा. त्यांत १ लहान चमचा आमचूर, पाव लहान चमचा मीठ व चिमूटभर जिरेपूड घालून गाळून घ्यावें. तासाहून अधिक वेळ उन्हांत खेळावयाचें असेल, तर हें पेय बाटलींत भरून द्यावें. त्याहून कमी वेळ खेळ असेल, तर साधें पाणी पुरे आहे. गोड पेय नको. बाजारांतील खेळाडूंच्या पेयांत पाणी, साखर आणि क्षार ह्यांपलीकडे फारसें कांहीं नसतें. रंग व सुगंध निराळे. ह्या पन्ह्याची चव त्यांच्यापेक्षां सरस आहे, असें आमचें नम्र मत आहे.

मोहाचा लाडू. मोहाचें नांव काढतांच कित्येक घरांत भुंवया उंचावतील, कारण आपल्याकडे मोह आठवतो तो दारूमुळें. परंतु वाळलेलें मोहाचें फूल हें नैसर्गिक साखरेचें कोठार आहे, आणि डोंगरांतील लोक तें अन्न म्हणून खात आले आहेत. फुलें निवडून, आंतील केसर झटकून, कोरडीं भाजावीं. भाजलेल्या तिळांबरोबर कुटून लाडू वळावे. गूळ लागत नाहीं. ओळखीच्या माणसाकडून स्वच्छ फुलें मिळालीं तरच हा प्रयोग करावा, आणि प्रथम एकेकच लाडू द्यावा.

आतां वेळेचा विचार. येथें सुशिक्षित घरेंही चुकतात. शर्यतीला निघालेल्या मुलाच्या हातावर आजी मायेनें तुपाचा लाडू ठेविते. पण स्निग्ध पदार्थ पोटांत रेंगाळतात आणि धांवतांना जड होतात. पूर्ण जेवण खेळापूर्वीं सुमारे ३ तास व्हावें. खेळाच्या तासभर आधीं केळें, राजगिऱ्याच्या लाह्या, साधें धिरडें किंवा गुळाची दशमी ह्यांसारखें हलकें, पिष्टमय खाणें द्यावें. लाडू, दाणे, दूध, दही ह्यांचा मान खेळानंतरचा. मैदानावरून आल्यावर तासाभराच्या आंत मुलाच्या पोटांत कांहीं तरी जावें. थकलेले स्नायु त्या वेळीं अन्नाची वाट पाहत असतात. आणि खाण्याबरोबर चहा देऊं नये. चहा अन्नांतील लोहाचें शोषण रोखतो. उलट लिंबू, आंवळा, पेरू त्याला साहाय्य करितात. शर्यतीच्या दिवशीं नवा पदार्थ देऊं नये, हें तर वेगळें सांगावयास नकोच. जें संवयीचें असेल तेंच द्यावें.

येथवर पाककृती झाल्या. परंतु ज्या गोष्टीसाठीं आम्हीं आज लेखणी उचलली, ती ह्याहून अवघड आहे. ती आहे पंक्तिप्रपंचाची.

आपल्या घरांतून आज मुलीही खेळतात, आणि त्यांचें कौतुकही होतें. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तींत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनीं अजिंक्यपद मिळविलें, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. वर्तमानपत्रांतील तें छायाचित्र पाहून प्रत्येक घरानें टाळ्या पिटल्या. पण त्याच घरांत संध्याकाळीं दमून आलेल्या मुलाला दूध आणि लाडू समोर येतात, आणि त्याच मैदानावरून आलेल्या त्याच्या बहिणीला ‘जरा पानें घे’ म्हणून सांगण्यांत येतें, असें अजूनही होत नाहीं काय? कोणी मुद्दाम करीत नाहीं. पिढ्यान् पिढ्यांचें वळण आहे. आई स्वतः शेवटीं जेवते, आणि तिच्याकडे पाहून मुलगी शिकते कीं, उरेल तें आपलें.

ह्याचा परिणाम आंकड्यांत दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींमध्यें पंडुरोग आढळला. ही काय केवळ गरिबांच्या घरची गोष्ट असेल? शेंकडा ५९ हा आंकडा गरिबीच्या कुंपणांत मावणारा नव्हे. खेळणारी मुलगी जितकें खर्च करिते तितकें खात नसेल, तर प्रथम तिचा दम कमी होतो, मग वारंवार दुखापती होतात. पुढें मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडें ठिसूळ होतात. ह्या अवस्थेकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं जगाचें लक्ष विशेषेंकरून वेधलें. पाळी थांबली म्हणजे ‘खेळामुळें होतें असें’ म्हणून सोडून देणें घातक आहे. डॉक्टरांना दाखवावें, रक्त तपासून घ्यावें. आणि त्याबरोबरच ती दिवसभरांत काय खाते, हें आठ दिवस कागदावर लिहून पाहावें. तो कागद पुष्कळ कांहीं बोलेल.

उपासांचेंही तसेंच. श्रद्धेला आमचा विरोध नाहीं. परंतु स्पर्धेच्या दिवसांत वाढत्या मुलीनें निर्जळी उपास करावा, असें कोणतेंही शास्त्र सांगत नाहीं. बाल, वृद्ध व आजारी यांना आपल्या परंपरेनेंच सवलत ठेविली आहे, ती कष्ट करणाऱ्या कोंवळ्या शरीराला द्यावयास कोणाची हरकत असावी? आणि उपास करावयाचाच, तर साबुदाण्याच्या खिचडीऐवजीं भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही व एखादें फळ असा करावा. साबुदाण्यांत पिष्टाशिवाय जवळजवळ कांहींच नाहीं; भगर आणि राजगिरा हीं मात्र खरीं अन्नें आहेत. ज्या फराळाला आपण रुचिपालट समजतों, तोच नीट मांडला तर खेळाडूचें उत्तम जेवण होतो, आणि सासूबाईंचा नेमही मोडत नाहीं.

एकत्र कुटुंबांत हें सर्व जमवावें कसें, असा प्रश्न सुनांना पडेल. आम्ही एक साधा उपाय सुचवितों. खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या नांवाचा एकेक डबा करावा. दर रविवारीं त्यांत आठवड्याचे लाडू मोजून भरावे, मुलाला जितके तितकेच मुलीला. डबा स्वतः मुलानें उघडावा व स्वतः धुवावा. मोजमाप एकदां ठरलें कीं कोणाला मागावें लागत नाहीं, कोणाला नाहीं म्हणावें लागत नाहीं, आणि मायेची विषम वांटणी आपोआप थांबते. लाडू वळावयास मुलांनाही बसवावें. ज्यानें नागलीला मोड आणिले, तो मुलगा ती टाकीत नाहीं. हे सर्व जिन्नस मिळून जो खर्च येतो, तो एका परदेशी नांवाच्या चूर्णाच्या डब्याशीं ताडून पाहावा. उरलेल्या पैशांत घरांतील सर्वच मुलांना दूध मिळेल.

शेवटीं पुनः मोलगीकडे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, त्या निमित्तानें नागली-वरईचा पुष्कळ गौरव झाला. पण ज्या बाईनें उतारावर तें पीक निंदलें, आणि उखळांत किंवा जात्यावर त्याचें टरफल काढलें, तिच्या श्रमांचा मोबदला गौरवानें मिळत नाहीं. तो धान्य विकत घेतल्यानें मिळतो. टरफल काढण्याचे कष्ट व कमी भाव, ह्या दोन कारणांनीं हीं बारीक धान्यें मागें पडत आलीं. आपण सणावारापुरती भगर घेतों, ती महिन्याच्या वाणसामानांत घ्यावी. आणि शक्य तेथें शेतकरी गट, बचतगट किंवा आदिवासी भागांतील विक्री केंद्रें यांच्याकडूनच घ्यावी. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांतील मुलामुलींच्या क्रीडास्पर्धा भरतात, त्यांत उतरणारीं मुलें ज्या घरांतून येतात, त्यांच्याच शेतांत आपल्या मुलांचा खाऊ पिकतो. त्या शेतांत पीक टिकलें तर त्या घरांच्या ताटांतही टिकेल.

पुढील रविवारीं नागली भिजत घालावी, आणि डब्यांवर नांवें लिहितांना पहिलें नांव मुलीचें लिहावें.